गप्प केलेला प्रोग्राम
टँकरच्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला नसरापूरचं ते एका खोलीचं ऑफिस आठवतं. वेल्ह्याच्या डोंगरातल्या टंचाईच्या नोंदी ‘आर’ या संगणकभाषेत चाळून टँकरची यादी काढणं, हे माझं काम. प्रोग्राम भारी बडबड्या. गावाचा कोड नसलेली नोंद गाळली, की लाल अक्षरांत सांगायचाच. साहेब वैतागले, “ही कटकट बंद कर.” मी एक ओळ लिहून सगळ्या सूचना बंद केल्या. स्क्रीन कशी स्वच्छ दिसायला लागली! पंधरा दिवसांनी एसटीनं एक बाई आली. “आमच्या वस्तीवर टँकर आलाच न्हाई, साहेब. नाव तर लिवून दिलं हुतं.” वस्त्यांना वेगळा कोडच नसतो, म्हणजे तिची नोंद प्रोग्रामनं न सांगता गाळली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तरी मी यादी तिच्यापुढं सरकवली. “यात नाव नाही. कम्प्युटर चुकत नाही, बाई.” तिला वाचता येत नव्हतं. तिनं यादीवरून एकदा बोट फिरवलं आणि “आमचंच कायतरी चुकलं आसंल,” म्हणत ती उठली. ती वस्ती मी नंतरही यादीत घातली नाही. घातली असती तर चूक माझी ठरली असती. सूचना बंद करणारी ती ओळ आजही माझ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये सगळ्यात वर असते.