सुसाट राजूचे आठ बार

धोंडूनानांच्या रिक्षामुळे मी बी.ए. झालो, हे आधी लिहून टाकतो. दोंडाईच्यात त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, आत माईक आणि माईकसमोर कॉलेजात शिकणारा मी. साडीचा सेल, डोळे तपासणीचं शिबिर, हरवलेली म्हैस, सगळं मी गल्लोगल्ली बोललो आहे. फी त्यातूनच गेली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. परीक्षा आली की नाना मला सुट्टी देत आणि स्वतः माईक घेत. ते इतकं वाईट बोलत की सेल कुठल्या दुकानात आहे हे विचारायला लोक रिक्षामागे चालत यायचे. पण सुट्टी त्यांनी कधी नाकारली नाही.

आता जळगावच्या स्टुडिओत जाऊ. गेल्या उन्हाळ्याची गोष्ट.

काचेपलीकडे स्नेहल मॅडम बसल्या होत्या. त्या आमच्या गाण्यांच्या कंपनीच्या मॅनेजर. शेजारी विकी, वरणगावचा रॅपर, विशीतला. त्याचे वडील दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आहेत, म्हणून पोरं त्याला ‘बारूद’ म्हणतात. मला ‘सुसाट राजू’ म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा जो जास्त वेगात बोलेल तो मोठा रॅपर, असा जमाना होता. मी एका श्वासात अर्धं पान म्हणून दाखवायचो आणि शिंदखेड्यापासून भुसावळपर्यंत शिट्ट्या घ्यायचो.

गाणं विकीचं होतं, उन्हावरचं. त्यात माझे आठ बार होते. बार म्हणजे तालाच्या चार ठोक्यांत बसणारी एक ओळ. मी माझे आठ बार म्हटले. हेडफोन काढला. 

विकी आत आला. “दादा, एक विचारू? श्वास कुठं घेता तुम्ही?”

“घेतच नाही,” मी म्हणालो. मला ते कौतुक वाटलं होतं.

“मग ऐकणाऱ्यानं कुठं घ्यायचा?”

स्नेहल मॅडमनी स्पीकरवरून सांगितलं, “राजूदादा, स्पष्ट बोलते. शुक्रवारपर्यंत काही वेगळं आलं नाही तर हा भाग काढावा लागेल. आणि धुळ्याच्या शोला तुम्ही अँकरिंग करा ना. तुमचा आवाज काय छान आहे.”

आमच्या धंद्यात रॅपरला अँकरिंग देणं म्हणजे आजोबांना लग्नात अक्षता वाटायला बसवणं. मान असतो, काम नसतं. एकदा माणूस “आता येत आहेत” म्हणायला लागला की तो स्वतः परत येत नाही. मी असे दोन चांगले रॅपर पाहिलेत. एक आता फक्त हळदीच्या कार्यक्रमात नवरदेवाच्या मामांची नावं वाचतो.

फॅशन बदलली की बदलायचं, हे मला नवीन नव्हतं. जाड साखळीचा काळ आला तेव्हा मी साखळी घेतली. मानेला पुरळ आलं. फुगीर जॅकेटचा काळ आला तेव्हा जळगावच्या मे महिन्यात जॅकेट घालून स्टेजवर गेलो आणि लिंबूपाण्यावर संध्याकाळ काढली. त्यामुळे या वेळीही तोच उपाय केला. हल्ली बीट, म्हणजे गाण्यामागचा ताल, संथ असते, खाली जडशीळ बेस, आणि गाणारा तोंडातल्या तोंडात, झोपेतून उठल्यासारखा बोलतो. वर ऑटोट्यून. ऑटोट्यून हे आवाज सुरात बसवणारं सॉफ्टवेअर आहे, कपड्याला इस्त्री मारावी तसं. घरी मोबाइलवर तसंच रेकॉर्ड केलं.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “घसा बसला का? हळदीचं दूध करू?”

विकीला पाठवलं. त्याचा फोन आला. पोरगं सभ्य आहे. “दादा, वाईट नाही. पण तुम्ही माझी नक्कल करताय असं वाटतं. आणि माझी नक्कल मी चांगली करतो.”

शुक्रवारच्या आधी मला दोंडाईच्याला जावंच लागलं. चुलत बहिणीच्या मुलाचा साखरपुडा होता. सकाळची पॅसेंजर धरली. साखरपुडा आटोपून नानांकडे गेलो.

नानांना आता ऐकू येत नाही. जन्मभर भोंग्याखाली बसले, दोन्ही कान गेले. मोबाइल त्यांनी पुतण्याला देऊन टाकला आहे. आपण पाटीवर लिहायचं, ते बोलतात. मला बघून ते हसले.

“राजू, उना का? बस रिक्षामा. सकाय नळले पानी येवाव नही. पुतन्यानं बोलनं कोनले समजत नही.”

म्हणजे उद्या नळाला पाणी नाही, ते गावाला सांगायचं आहे आणि पुतण्याचं बोलणं कोणाला कळत नाही. साखरपुड्याच्या कपड्यांतच मी रिक्षात बसलो. पुतण्या चालवायला, नाना माझ्या शेजारी. पाटीवर मी लिहिलं, “कसं झालं ते तुम्हाला कसं कळणार?” ते म्हणाले, “मी दारं देखस.” नाना पूर्वीपासून असंच करायचे. दारात माणूस आला तर बोलणं पोचलं, नाही तर नाही.

मी माईक घेतला आणि सवयीनं सुसाट सुटलो. तारीख, प्रभाग, पाइपलाइन दुरुस्ती, सहकार्य करावे. एकही दार उघडलं नाही. नानांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली, कॉलेजच्या दिवसांत मारायचे तशी.

“एक गोष्ट बोल. थांब. समोरनी भिंत बोलू दे. मंग तू बोल.”

हे ते मला पहिल्या दिवसापासून सांगत. भोंग्याचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. त्याच्यावरच आपण पुढचं वाक्य टाकलं तर दोन्ही वाया. म्हणून जागा रिकामी सोडायची. शिवाय रिक्षा चालती असते. एका घरासमोरून ती जाईपर्यंत त्या घराला जेवढं ऐकू येतं, तेवढ्यात गोष्ट पूर्ण झाली पाहिजे.

पुढच्या गल्लीत मी म्हणालो, “उद्या नळाला पाणी येणार नाही.” आणि थांबलो.

भिंत बोलली. मग ओट्यावर गहू निवडणारी एक अक्का सूप खाली न ठेवता म्हणाली, “आज तरी कोठे शे?”

गल्ली हसली. समोरचं दार उघडलं. त्याच्या शेजारचंही उघडलं. एकानं गच्चीवरून विचारलं, “परवा तरी येईल का?” मी माईकवरच म्हणालो, “परवा येईल.” आणि पुन्हा थांबलो. अक्का म्हणाली, “देखू.” नाना दारं मोजल्यासारखी मान हलवत होते. त्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता आणि सगळं कळलं होतं.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. विकीची बीट कानाला लावली. तिच्यात भरपूर रिकामी जागा होती. ती जागा मी इतके दिवस भरत होतो. आमच्या काळात रिकामी जागा म्हणजे हरणं. एवढंच माझं चुकत होतं. आवाज माझा बरा होता, कपडेही बरे होते. अमळनेर येईपर्यंत आठ बार झाले. त्यातले दोन असे:

पंखा फिरस... वारा कोठे शे?
बठ्ठा बोलतस... ऐकनारा कोठे शे?

बठ्ठा म्हणजे सगळे, शे म्हणजे आहे. टिंबं आहेत तिथे मी काहीच म्हणत नाही. नुसता बेस.

गुरुवारी स्टुडिओत हे म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना पहिल्या ओळीच्या रिकाम्या जागेत मी थांबलो, तर काचेपलीकडून विकीच बोलून गेला, “वारा कोठे शे?” त्याला आपण बोललो हे नंतर कळलं.

स्नेहल मॅडम म्हणाल्या, “राजूदादा, हे आठ बार काढतेय मी.”

मी हेडफोन काढून खुंटीला लावला.

“हे दोनच ठेवते. हुक म्हणून.” हुक म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद. “बाकी सहा नकोत.”

“ते सहाही चांगले आहेत,” मी म्हणालो.

“हो. पण नकोत.”

गाणं बाहेर पडलं आणि पंधरा दिवसांनी धुळ्यात संध्याकाळी शो झाला. अँकरिंग कंपनीतल्या एका मुलीनं केलं. तिनं माझं नाव पुकारलं तेव्हा पुढच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या नाहीत. त्यांना मी कोण तेच माहीत नव्हतं. “पंखा फिरस” म्हणून मी गप्प उभा राहिलो. माईक हातात धरून, स्टेजवर, काही न बोलता उभं राहणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम आहे. मग मैदान बोललं.

आता त्या दोन ओळींवर लोक रील करतात. ट्रॅक्टरवर, म्हशीवर, सासूवर. व्हिडिओखाली माझं नाव आहे, ‘आणखी वाचा’ दाबल्यावर दिसतं. पुढच्या गाण्यासाठी मॅडमनी विचारलंय. बार किती ते सांगितलं नाही. या धंद्यात टिकायचं तर आपल्या आठातले सहा जाणार, हे धरूनच आठ लिहावेत.

नानांना फोन करून उपयोग नव्हता. म्हणून पत्र पाठवलं. तेच इथे देतो.

तीर्थस्वरूप नाना यांस,
राजूचा शिरसाष्टांग नमस्कार.

धुळ्याचा कार्यक्रम चांगला झाला. अँकरिंग करावं लागलं नाही. मैदानात दारं नव्हती, म्हणून मी तुमच्यासारखी माणसांची तोंडं बघितली. मी थांबलो की ती उघडत होती.

गहू निवडणाऱ्या अक्का भेटल्या तर त्यांना सांगा, त्यांचं बोलणं गाण्यात घेतलं आहे. त्या “देखू” म्हणतील.

गाण्यात मी विचारतो, ऐकनारा कोठे शे. सगळं मैदान तेच ओरडून विचारतं. मला तेव्हा उत्तर माहीत असतं, पण तिथे सांगत नाही. ऐकणारा दोंडाईच्याला आहे, रिक्षात माझ्या शेजारी बसतो.

पुतण्याला गुडघ्यावर चापट मारत जा. मी पुढच्या महिन्यात येतो. पाण्याचं काही सांगायचं असलं तर माझ्यासाठी राखून ठेवा.

आपला,
राजू