मोटार काढलेली मशीन

मावशी गेल्याचं मला कॉलेजच्या फाटकापाशी कळलं. योगेशदादा, तिचा मुलगा, सायकल धरून उभा होता. "माय गई..." एवढंच म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तारमुळेच झालं ना? तू तर शिकेल शे." या गोष्टीला आता दीडेक महिना होत आला.

मावशीचं घर शहराच्या कडेला, भेस्तानला, विजेच्या मोठ्या तारांखाली. धुळ्याकडून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या माणसांना तिथेच जागा परवडली होती. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून टीव्ही बिघडला तरी मलाच विचारायचे. योगेशदादाच्या बायकोला, सुनंदावहिनींना, दिवस गेले, तेव्हा शेजारणींनी मावशीच्या मनात भरवलं की तारांखाली पोर धड निपजत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वहिनींना माहेर उरलं नव्हतं. बाळ इथेच येणार होतं. मावशीनं मला समोर बसवलं. "तू कॉलेजमा जास ना? मंग सांग, हाई तार वाईट शे का नही?"

मी आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं. घरातल्या विजेभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याचा तब्येतीवर काय परिणाम होतो, याबद्दल ते पुष्कळ वाचत असत. तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि मीटर घेऊन ते स्वतःच आले. मावशी म्हणाली, "सायेब, पहिले चहा ल्या. नहीतर तुमना काटा उपाशी ऱ्हाई." सर अंगणात, खाटेपाशी, ओट्यापाशी मोजत गेले. तारांखाली काटा हलला, घरात त्याहून कमी. पण आधी मावशी आणि आता वहिनी दिवसभर साड्यांना लेस लावायच्या त्या शिलाई मशीनजवळ वेटोळं नेलं, तर काटा एकदम पुढे सरकला. मशीनची मोटार त्यांच्या पोटापासून हातभरही लांब नव्हती. इतके दिवस वर तारेकडे बघणारं घर आता मशीनकडे बघू लागलं.

"म्हणजे मशीन वाईट?" मावशीनं विचारलं. सर म्हणाले, "तसं सांगता येत नाही, बाई. देशोदेशी अभ्यास चालू आहेत. काहींना थोडा संबंध दिसतो, काहींना दिसत नाही. काटा हलला म्हणजे आजार होतो, असं नाही."

"धोका शे असंबी नही, नही शे असंबी नही. आमना गावना भगतबी असंच बोलस."

सर हसले. "भगत कोंबडं मागतो. मी चहावर जातो."

दुसऱ्याच दिवशी मावशीनं मशीनची मोटार काढायला लावली. "पाय शेतस ना आपले," म्हणाली. काम निम्म्यावर आलं, योगेशदादा कुरकुरला, पण तिनं ऐकलं नाही. वहिनींना बसवेना तेव्हा ती स्वतः पाय मारत बसायची. मुलगी झाली, चांगली धडधाकट. आम्हाला वाटलं, सुटलो... आणि मग मावशीलाच रक्ताचा कॅन्सर निघाला. कुणी म्हणे तार, कुणी म्हणे इतकी वर्षं मोटारीजवळ बसली म्हणून. मी पुन्हा सरांकडे गेले. ते म्हणाले, "एका माणसाच्या आजारावरून काहीच सिद्ध होत नाही." ते खरंच आहे. पण आमच्याकडे ते माणूस एकच होतं.

परवा भेस्तानला गेले तर योगेशदादा जुनी मोटार पुसत बसलेला. "काम फार मागे पडस. तूच सांग, परत लावू का?" तेच ते उत्तर मी पुन्हा मनात जुळवू लागले. धोका आहे असंही नाही, नाही असंही नाही... ते बोलण्याचासुद्धा आता थकवा येतो.

वहिनी मशीनवर होत्या. मशीनच्या पायपट्टीला सुतळी बांधलेली दिसली, तिचं दुसरं टोक पाळण्याला. शिवता शिवता नात झोपावी म्हणून मावशीनंच ती बांधली होती. वहिनींनी सुईखालची लेस सरळ केली आणि पाय चालवला. पाळणा हलू लागला.

"ठेवून द्या ती मोटार," मान वर न करता त्या म्हणाल्या. "ती काय पाळणा हलवनार शे?"