जाड सुई

स्पिरिटचा वास आला की घाटकोपरचं ते हॉस्पिटल आठवतं. आईच्या स्तनातल्या गाठीत बारीक सुई घालून तपासणीसाठी नमुना घेतला होता. आठवडाभरानं आईला घेऊन रिपोर्ट आणायला गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नमुना कमी पडलाय. परत घ्यावा लागेल, जाड सुईनं." "मग पहिल्यांदाच जाड का नाही घातली?" मी चिडून विचारलं. "ते डॉक्टरांना विचारा. ते सुट्टीवर आहेत." आई बाकावरून उठली. "माका परत टोचून घेवचा नाय," म्हणाली आणि सरळ घरी निघाली. तिला समजावून परत नेईपर्यंत अख्खा पावसाळा सरला आणि कॅन्सर काखेपर्यंत पोचला. ऑपरेशन, केमो, सगळं झालं. आज आई ठीक आहे. ती पोरगी बिचारी काय करणार होती, असं तीच मला समजावते, आणि मग मला आईचाच राग येतो.