पोटाचा बायपास

बायपास म्हटलं की मला काळजाचाच माहीत. बायको त्यातच गेली. आत नेताना स्ट्रेचरवरून म्हणाली, "जातो मी." आपल्यात निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. मी टोकायच्या आत दार लागलं.

म्हणून पोरगी जेव्हा म्हणाली, "बाबा, बायपास करून घेतो," तेव्हा हातातला चहा धोतरावर सांडला.

"काळजाले काय झालं वं तुह्या?"

"काळजाचा नाई, पोटाचा. वजन उतरवाचं ऑपरेशन हाय."

दिग्रसहून नागपूरला गेलो. तिची शुगर आईसारखीच, गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरनं कागदावर पोट काढलं. एका प्रकारात पोट उभं कापून बाहीसारखं निमुळतं ठेवतात, बाकीचं काढून टाकतात. ते परत जोडता येत नाही. बायपासात वर एक लहान थैली करतात आणि आतडं वळवून तिला जोडतात. जुनं पोट आतच राहतं, पण त्यात अन्न जात नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र जन्मभर. तिसरा फुगा. तोंडातून सोडायचा, काही महिन्यांनी काढायचा.

"फुगा टाका," मी म्हटलं. "कापाकापी नाई पाहिजे."

"फुगा काढल्यावर वजन परत वाढू शकतं, काका. आणि हिच्या शुगरला बायपासच जास्त बरा."

"मंग ते बाहीवालं करा. बायपासचं नाव काढू नका."

पोरगी चिडली. "नावाले भेता काय? मायच्या पायाचं बोट कापलं होतं शुगरनं. मी त्याची वाट पाहू काय?"

बायपासच्या कागदावर तिनंच सही केली. मी हो म्हटलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी तिला हिरवा झगा घालून बाहेर आणलं. मी स्ट्रेचरचा दांडा धरला.

"येतो म्हण."

"सकायपासून पाण्याचा घोट नाई पोटात, बाबा. डोकं नका खाऊ."

"म्हण वं!"

"येतो, येतो. सोडा आता."

दार लागलं. बाकावर बसलो. दुर्बिणीनं करतो, भ्यायचं काम नाही, असं डॉक्टर बोलला होता. तिच्या आईच्या वेळचाही असंच बोलला होता. कोणी बाहेर आलं तर मी त्याच्या तोंडाकडं पाहायचो नाही, चपलांकडं पाहायचो.

दुपारी तिला आणलं. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. मी नाकापुढं बोट धरलं. नर्स ओरडली, "ओ बाबा, हात लावू नका!" मी बोट काढलं नाही.

पोरगी डोळे न उघडता पुटपुटली, "आली न, बाबा."