आंबेनळीचा चढ आणि माझी जाऊ

पनवेल मागे पडलं तेव्हा स्मिता गाणं गुणगुणत गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. स्मिता माझी धाकटी जाऊ. मागच्या वर्षी तिला झोप लागेनाशी झाली, तेव्हा मीच तिला धावायला नेलं. बूट कसे निवडायचे, धावताना सहज बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा, अंतर हळूहळू वाढवायचं, सगळं मी शिकवलं. मी चार वर्षं धावते आहे. ती एका वर्षात माझ्या पुढे गेली. आता दोघींची पहिली पूर्ण मॅरेथॉन महिन्यावर आली होती. मार्गात मोठा चढ होता, म्हणून चढाच्या सरावासाठी आम्ही पोलादपूरला निघालो होतो.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत आमच्या चुलत सासूबाई राहतात. मुलं मुंबईला, त्या आणि दोन म्हशी इथे. आमचे बूट बघून त्या म्हणाल्या, “एवढ्या लांबून धावाया आलात? तिकडं रस्तं नाय का गो?”

“चढ नाही हो काकी,” स्मिता म्हणाली.

“चढ पायजे? मग चांगल्या जाग्यावर आलात.”

सकाळी उजाडताच आंबेनळी घाटाला लागलो. दरीत धुकं होतं. वाहन आलं की आम्ही कडेला थांबत होतो. चढावर पावलं लहान ठेवायची, घड्याळाकडे बघायचं नाही, दम लागला तर सरळ चालायचं, हे मी तिला आदल्या संध्याकाळी बजावलं होतं. तिने तसंच केलं आणि तरीही ती पुढे गेली. मला ते बघवेना. मी वेग वाढवला. पुढच्या दोन वळणांतच माझी छाती भरून आली आणि मी गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले.

एक बाई बकऱ्या घेऊन खाली येत होती. “काय गो, दम लागला? तुझ्यासंगतीची बाय कवाच वर गेली.”

“दमली होती का ती?”

“नाय बा. मला इचारत होती, बकऱ्या किती हायेत.”

म्हणजे तिच्यात गप्पा मारण्याइतका श्वास शिल्लक होता. उतरताना माझा गुडघा दुखू लागला. ती माझ्यासाठी वेग कमी करून शेजारून धावत राहिली. त्याचाही मला राग आला.

दुपारी काकींनी घावन (तांदळाच्या पिठाचं जाळीदार धिरडं) आणि कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाचं पातळ पिठलं) वाढली. जेवताना स्मिताने विचारलं, “ताई, उद्या रायगडच्या पायऱ्या पळत चढू का?”

लागोपाठ दोन दिवस चढ म्हणजे पोटरी धरण्याची भीती. महिनाभर आधी पोटरी गेली की मॅरेथॉन गेली. हे मला माहीत होतं. मी पिठीत घावन बुडवत म्हटलं, “चढ की. सवय होईल.”

दुसऱ्या दिवशी महाडमार्गे हिरकणीवाडीला पोचलो. गुडघ्याचं कारण सांगून मी एका टपरीवर ताक घेऊन बसले. स्मिता गडाच्या वाटेकडे गेली. डोक्यावरून रोपवेचा पाळणा सरकत होता. ती लंगडत उतरते आहे आणि मी तिला हात देते आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि ते मला आवडलं. मग स्वतःचीच भीती वाटली. फोन लावला, लागला नाही. ताक तसंच टाकून मी दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्या चढू लागले.

निम्म्या वाटेवर ती भेटली. काकडी खात सावकाश उतरत होती.

“पळाली नाहीस?”

“नाही. चालतच गेले, चालतच आले. लागोपाठ चढ नको, हे तुम्हीच पूर्वी सांगितलं होतं ना. काल ‘चढ’ म्हणालात तेव्हा वाटलं, विसरलात.” ती जरा थांबली. “मग वाटलं, तुम्ही असलं काही विसरत नाही.”

उरलेली काकडी तिने माझ्या हातात दिली. ती खात मी तिच्यामागून खाली उतरले.

परतीच्या वाटेवर माणगाव गेल्यावर मी म्हणाले, “स्मिता, मला तुझा फार हेवा वाटतो.”

“माहितीये,” ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. “पण आता या आठवड्यात काय करू, ते सांगा.”

दोन दिवस पूर्ण विश्रांती, मग हलकं धावणं, स्पर्धेच्या सकाळी पोटाला सवयीचं तेच खाणं, असं मी एकेक सांगत गेले. एक गोष्ट उरली होती. उतारावर ती टाच आपटते, त्यात तिचा वेग जातो आणि गुडघ्यालाही हिसका बसतो. आंबेनळीत मला ते स्पष्ट दिसलं होतं आणि मी गप्प बसले होते. ते सुधारलं की ती माझ्यापासून आणखी लांब जाणार होती. घरी परतताना हेवा कुठे मागे राहिला नव्हता, गाडीत माझ्याच शेजारी बसला होता. पेण येईपर्यंत मी वेळ काढला. मग सांगितलं.