घरची वहिनी

आमची वहिनी नगरपालिकेत माइक सांभाळते. सभागृहाच्या कोपऱ्यात काचेची एक खोली आहे. तिथे बसून, कोणी बोलायला उठलं की त्याचं बटण दाबायचं आणि वेळ संपली की बंद करायचं, हे तिचं काम. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी शाळेत होते, आई नव्हती, आणि दादाला वेणी घालता येत नव्हती. वहिनीने आल्या आल्या माझ्या केसांचा गुंता सोडवला, आणि तेव्हापासून माझे सगळे गुंते तिच्याच गळ्यात पडले. मला पुढे शिकायचंय म्हटल्यावर दादाशी भांडली ती तीच. घरी तिच्या तोंडाला खळ नसतो. कामाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

माझ्या पीएचडीचा विषय ऐकून ती खो खो हसली होती. राजकारणातली माणसं म्हणजे ठिपके, कोण कोणाचं ऐकतो त्या रेषा. असं जाळं काढायचं आणि सूत्रं खरी कुठून हलतात ते बघायचं.

"म्हणजे चहाड्याच की गं, फक्त कॉम्प्युटरवर!"

नगरसेवकांच्या मुलाखती घ्यायला निघाले तेव्हा मात्र तिने बजावलं, "तिथे ओळख दाखवायची नाही. त्या इमारतीत मी कोणाची कोणी नाही." मीही दाखवली नाही.

प्रत्येकाला मी विचारायचे, ठराव मांडण्याआधी कोणाशी बोलता? सत्ताधारी असोत की विरोधक, उत्तरात कुठेतरी 'वहिनी' यायचीच. मी म्हटलं, वा, काय कुटुंबवत्सल माणसं आहेत! वहिनी कोणाला नसते? प्रत्येकाची वहिनी वेगळी धरून मी एकेक ठिपका काढला, त्यावर 'घरची' असं लिहिलं आणि बाजूला सारला. जाळं झालं, पण त्याचे सरळ दोन तुकडे पडले. दोन्ही पक्ष एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि तरी ठराव एकमताने मंजूर होत होते. कसे, ते काही केल्या कळेना. माझ्या मार्गदर्शक बाईही वैतागल्या.

मग विरोधी पक्षातले एक नगरसेवक, ज्यांना मी मनातल्या मनात टकलूसाहेब म्हणायचे, सभागृहात बसून बोलता बोलता म्हणाले की आपण एकुलते एक.

"अहो, भाऊच नाही, तर वहिनी कुठून आली?"

"ती काय," त्यांनी काचेच्या खोलीकडे बोट केलं. "सगळे वहिनीच म्हणतात तिला. समोरचे आज कशावरून रुसलेत ते ती बरोब्बर सांगते. कुठे बोलू नका हां, पण आतून ती आमच्या बाजूची आहे."

घरी येऊन मी कॉम्प्युटर उघडला. सगळ्या वहिन्या एकत्र केल्या. उरला एकच भला मोठा ठिपका, आणि दोन्ही तुकडे त्यालाच धरून होते. ते बघून मार्गदर्शक बाई खुर्चीतून उठल्याच. "हाच तुझा प्रबंध! कोण आहे ही?"

मला सांगवेना. प्रत्येकाला वाटत होतं, वहिनी आपली. ती सगळ्यांचीच आहे हे छापून आलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ती कोणाचीच उरली नसती. नोकरीही गेली असती, कारण माइकवाल्याने कोणाच्या अध्यात ना मध्यात असंच राहायचं असतं.

संध्याकाळी ती भाजी निवडत होती, तेव्हा मी तिच्यापुढे ते चित्र धरलं.

"अगंबाई! एवढी जाडी दिसते मी?" मग एकेका रेषेवरून बोट फिरवत म्हणाली, "माइकवर सगळे भांडतात गं. बटण बंद झालं की म्हणतात, मला आधी विचारलं का नाही? तेवढंच मी पलीकडे पोचवते." आणि चित्र माझ्या हातात देऊन म्हणाली, "राहू दे यात. तुझं शिक्षण अडायला नको. नोकरीचं बघू."

मला इतका राग आला! माझं अडू नये म्हणून या बाईने आजवर कशाकशावर पाणी सोडलं, आणि आता नोकरीवरही सोडायला निघाली.

"गप बस," मी म्हटलं. तिला असं कधीच बोलले नव्हते.

त्या व्यक्तीबद्दल काही छापणार नाही, असं मी बाईंना सांगितलं. आधी चिडल्या, मग समजल्या. मुलाखती सगळ्या बाजूला ठेवल्या. सभेच्या जाहीर कागदांवरून, कोण कोणाच्या ठरावाला अनुमोदन देतो, एवढंच जाळं नव्याने काढलं. त्यात वर्ष गेलं. लिहिलं ते खरंच लिहिलं: हे दोन गट कशाने जोडलेले आहेत, ते या माहितीतून दिसत नाही.

पदवी मिळाल्यावर प्रबंधाची एक प्रत द्यायला नगरपालिकेत गेले. सभा सुरू व्हायची होती. टकलूसाहेबांनी आपल्या जागेवर बसूनच पहिलं पान उघडलं. त्यावर एकच शब्द होता, 'वहिनीस'.

"ही कोण वहिनी?"

काचेपलीकडे वहिनी कानाला हेडफोन लावून, खाली मान घालून एकेक माइक तपासत होती. साहेबांच्या टेबलावरचा चालू होता.

"घरची," मी म्हटलं. "आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला."

"नशीबवान आहात."

"आहेच मुळी."

तेवढ्यात सगळ्या स्पीकरमधून एकदम आवाज आला, "हॅलो, हॅलो." चांगलाच घोगरा झाला होता.