पूलपाड्याचा खटला

कार्टूनवरून घरात भांडणं होतात म्हटलं तर लोक हसतील. हसू द्या. आमच्याकडं झालीत, आणि एकदा तर मी रागाच्या भरात वरण गॅसवर तसंच सोडून वाद घालायला बाहेर आले होते. वरण करपलं. सगळ्यांनी तेच मुकाट्यानं खाल्लं, कुणी हूं की चूं केलं नाही.

मी सेलूला राहते, वालूरच्या शाळेत शिकवते. घरात सासू, सासरे, नवरा, माझी मुलगी आणि धाकटी नणंद. ती मालिका घरात आणली मुलीनं. एक पोरगी हवेत उडते, शहर वाचवते आणि थोड्या थोड्या दिवसांनी एक नवा खलनायक येतो, बाकी काही नाही. मुलीसाठी म्हणून लावली आणि मोठी माणसंच चिकटून बसली. त्यातही खलनायकांना. उडणारी पोरगी चांगली का, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही. वाईट माणूस वाईट कामून झाला, यावर मात्र ताटातली भाकर वाळून जाते. नणंद तर मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये होती. तिथं देशभरातले लोक याच गोष्टीवर रात्रंदिवस डोकेफोड करायचे, आणि ती आम्हाला त्यांचे तर्क वाचून दाखवायची.

भांडणं हाताबाहेर गेली तेव्हा मीच एक नियम काढला. शाळेत वादविवादाची तयारी करून घेताना मी मुलांना मुद्दाम उलटी बाजू देते. तेच घरात लावलं. ज्याला खलनायकाचा सगळ्यात जास्त राग, त्यानं त्याचं वकीलपत्र घ्यायचं. ज्याला त्याचा पुळका, त्यानं त्याच्याविरुद्ध बोलायचं. आणि जज कोण, तर माझ्या सासूबाई, कारण त्यांनी त्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. जो जिंकेल त्यानं शिक्षा सांगायची. रविवारी जेवणं झाली की माझी मुलगी दारात उभी राहून "हाजिर हो" म्हणून अशी ओरडायची की शेजारचे डोकावून जायचे.

पहिला खटला एका बाईचा होता. ती अख्ख्या शहराचा आवाज बंद करून टाकते. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत दोन लग्नं होती आणि डीजेनं भिंती हादरत होत्या. सासूबाईंनी वकिलाला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही. "बिचारीनं लय चांगलं काम केलं, सोडून द्या तिला," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मग आला पूलपाड्या. हे नाव आमच्या घरचं. तो शहरातला एकेक पूल पाडत जायचा, का ते मालिकेत कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा नवरा म्हणायचा, ठेकेदाराचा माणूस असणार, जुना पूल पडला की नवं टेंडर. माझी मुलगी म्हणायची, त्याला पाण्याची भीती वाटते. नणंदेला तर तो डोळ्यासमोर नको व्हायचा. आणि सासऱ्यांना तो आवडायचा.

सासऱ्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली. गाडी यायच्या आधी फाटक पाडायचं, गेली की उघडायचं. पाडलं की लोक शिव्या द्यायचे. त्यामुळं रस्ता बंद करणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या मनात आधीच माया. त्यात तो पूलपाड्या पूल पाडायच्या आधी भोंगा वाजवायचा आणि शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत थांबायचा.

"भोंगा वाजवायलाय का न्हाई?" सासरे विचारायचे. "एक तरी माणूस मेला का? मग कामून नावं ठेवायलाव त्याला?"

"आबा, तो लोकायचे रस्ते तोडायलाय अन् तुमी त्याची बाजू घ्यायलाव!" नणंद चिडायची.

असे खटले हसतखेळत चाललेले असताना नणंदेला हैदराबादहून बोलावणं आलं. तिनं नर्सिंग केलं होतं, तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात तिची निवड झाली, आणि पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. पोरगी आनंदानं नुसती नाचत होती. सासरे म्हणाले, "न्हाई."

का, ते सांगेनात. सेलूत नाही तर परभणीत बघ, म्हणाले. नवऱ्यानं समजावलं, मी समजावलं. "न्हाई म्हणलं ना," एवढंच. मला असा संताप आला! चार वर्षं लेकीला शिकवलं ते काय भिंतीवर प्रमाणपत्र लावायला? मी भांडी आपटून घासली. नणंद रडली, मग रडायची थांबली आणि बापाशी बोलायचीच बंद झाली. आबांच्या बीपीच्या गोळ्या ती रोज स्वतः हातावर ठेवायची, त्या आता ताटाशेजारी ठेवून निघून जाऊ लागली. सासरे त्या गोळ्यांकडं बघत बसायचे. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती.

तेवढ्यात रविवार आला. खटला लावायची कुणाचीच इच्छा नव्हती, पण लेकराला काय कळतंय. तिनं दारात उभं राहून पुकारा केला, "पूलपाड्या हाजिर हो!" सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "होऊन जाऊ द्या. घर कसं मुकं झालंय."

नियमाप्रमाणं नणंदेला त्याची बाजू घ्यायची होती आणि सासऱ्यांना त्याच्याविरुद्ध बोलायचं होतं. नणंद भिंतीला टेकून, नखं बघत उभी राहिली.

"हुजूर," ती सुरुवातीला टिंगलीच्या सुरात म्हणाली, "माझा अशील वाईट माणूस न्हाई." मग तिनं नखं बघणं सोडलं. "तो पुलाजवळ राहतोय. त्याला रोज जाणारे लोक दिसतात. वापस येणारे कमी दिसतात. त्याच्या घरातलं एक माणूस पूल ओलांडून जायलंय. 'नको जाऊ, मला करमणार न्हाई,' असं त्याला म्हणायचंय. पण त्याला तसं बोलायची सवयच न्हाई. जिंदगीत कधी बोललाच न्हाई तसं. मग त्याला जे येतंय ते तो करतोय. रस्ता बंद करतोय."

तिचा आवाज फुटला. "माणूस मरू ने म्हणून भोंगा वाजवतोय, हुजूर. एवढी काळजी असणाऱ्या माणसाला गुन्हेगार कसं म्हणावं?"

नवरा मोबाइल खाली ठेवून ताठ बसला. सासरे शेंगांच्या टोपलीकडं बघत होते. मला वाटलं, आता हे उठून बाहेर जाणार. पण माणूस नियमाचा पक्का. ते उभे राहिले, चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावला.

"ह्यानं गुन्हा केलाय," ते म्हणाले. "म्या फाटक पाडलं, लय वेळा पाडलं. पण फाटक पाडतात ते उघडायसाठी. गाडी गेली की म्या एक घडीभर बी बंद ठेवलं न्हाई. पलीकडं कुणाचं बाळंतपण असंल, कुणाची परीक्षा असंल, आपल्याला काय माहीत? ह्यानं इचारलं का कुणाला? अन् पूल पाडला तर तो काय परत उघडतोय?"

सासऱ्यांनी टोपलीतली एक शेंग उचलली आणि बोटांत फिरवत पुढं बोलू लागले.

"भेव वाटलं असंल त्याला. म्या न्हाई म्हणत न्हाई. सोताच्या लेकराचं भेव वाटतंय माणसाला. मग तसं बोलावं. भ्यालो म्हणून दुसऱ्याचा रस्ता तोडायचा..." आपण काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हाच कळलं असावं, कारण ते एकदम खाली बसले.

सासूबाईंनी पदरातली टरफलं झटकली. "पूलपाड्या दोषी," त्या म्हणाल्या. सासऱ्यांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"आबा, तुमी जिंकले!" माझी मुलगी टाळ्या पिटायला लागली. "शिक्षा सांगा! शिक्षा सांगा!"

"सोताच्या हातानं बांधून द्यावा पूल," सासरे म्हणाले, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

दिवस मावळायच्या आत परत आले. माळ्यावरून त्यांनी नोकरीतली पत्र्याची पेटी खाली काढली, फडक्यानं पुसली, कडीला तेल सोडलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. नणंद दारात उभी होती.

"ही पेटी जड हाय, आबा," ती म्हणाली. किती दिवसांनी बोलली!

"मग एकटी कशी नेतीस? माझा पास हाय रेल्वेचा. म्या येतो सोडायला."

ती तिथंच बसली आणि पेटीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. सासरे तिच्या डोक्यावर हात ठेवायचं सोडून "बघ, कडी नीट लागती का," असं काहीतरी बडबडत होते. निघायच्या दिवशी घरात त्रिशरण-पंचशील झालं, आणि सेलूच्या स्टेशनावर त्या दोघांना गाडीत बसवून आम्ही परत आलो. सासरे तिकडं तीन-चार दिवस एका नातेवाइकाकडं राहून आले. दवाखान्याचं फाटक चांगलं आहे, चौकीदार नीट चौकशी करून सोडतो, हे त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

आता खटले फोनवर चालतात. नणंदेची सुट्टी असेल त्या दिवशी ती तिकडून बघते, आम्ही इकडून. मध्यंतरी शेवटी तो भाग आला. पूलपाड्या सापडला आणि पूल का पाडत होता ते त्यानं कबूल केलं. त्याचा होड्यांचा धंदा होता. पूल नसले की लोक होडीनं जातील, एवढंच. माझा नवरा खो खो हसत सुटला, म्हणाला, मी म्हणतच होतो धंद्याचं काहीतरी असणार.

सासरे भडकले. खरोखर भडकले. टीव्ही बंद केला आणि माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"बघितलंस का? होड्या म्हणं! ह्या काढणाऱ्या लोकायला काई अक्कल हाय का? त्यायलाच माहीत न्हाई तो पूल कामून पाडत होता."



"मला माहीत हाय की, आबा," नणंद म्हणाली.

सासऱ्यांनी फोन माझ्या हातात दिला. "घे बाई, मला काई आवाज येईना तिचा," म्हणाले आणि अंगणात गेले. स्पीकर चालू होता. अख्ख्या घराला ऐकू आलं होतं.